वन्सांचा ड्युरियन

माझ्या नणंदेची नोकरी वास घेण्याची होती. सांगितलं की लोक हसतात, पण अगदी खरं आहे. सत्यवतीबाई, म्हणजे माझ्या यजमानांच्या थोरल्या बहीण, फळांचे अर्क बनवणाऱ्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं होत्या. बिस्किटांत, लिमलेटच्या गोळ्यांत, लग्नातल्या सरबतात जो आंब्याचा नाहीतर अननसाचा वास येतो, तो बाटलीतून आलेला असतो. ती बाटली कारखान्याबाहेर पडण्याआधी कुणीतरी तिच्यात कागदाची पट्टी बुडवून नाकाखाली धरायची असते. तिथं ते नाक आमच्या वन्सांचं होतं.

त्या नाकासाठी घरात पथ्यं फार. वन्सं केसांत मोगरा माळायच्या नाहीत, पावडर लावायच्या नाहीत. सकाळी त्या बाहेर पडेपर्यंत मी देवापुढं उदबत्तीसुद्धा लावत नसे. फोडणीला लसूण घालायची तर रविवारी. मी ७१ साली धारवाडहून लग्न होऊन बेंगळुरातल्या राजाजीनगरच्या या घरात आले, तेव्हा मला वाटलं, या बाईला कसली हौसच नाही. उंच, सडपातळ, चेहऱ्यावर इस्त्री केल्यासारखी शांतता. आई लवकर गेलेली, वडील अर्धांगानं अकरा वर्षं अंथरुणावर. त्यांचं करता करता लग्नाचं वय निघून गेलं. त्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत आणि मीही कधी विचारलं नाही.

कारखाना आधी घरापासून चालत दहा मिनिटांवर होता. मग तो बोम्मसंद्र्याला गेला आणि वन्सं पहाटे सहाची कंपनीची बस धरू लागल्या. शहराचं एक टोक ते दुसरं टोक. संध्याकाळी सातला परत आल्या की पाय धुवून मागच्या पायरीवर बसायच्या आणि डोळे मिटून नुसता श्वास घ्यायच्या. नाकाला विश्रांती, म्हणायच्या.

८५ सालच्या ऑगस्टमध्ये कारखान्याची सहल उटीला गेली. परत येताना कुन्नूरच्या खालच्या घाटात एका जुन्या फळबागेपाशी बस थांबली. बागेच्या फाटकाशी कल्लाप्पा नावाचा माळी फळं विकायला बसला होता. त्याच्यापुढं फणसासारखं, पण डोक्याएवढं, दाभणासारख्या काट्यांचं एक फळ. त्यानं ते कोयत्यानं उकललं मात्र, आणि बसमधली सगळी मंडळी पदर, रुमाल, मिळेल ते नाकाला लावून पळाली. एकट्या वन्सं तिथं उभ्या राहिल्या. त्यांनी त्या फळाच्या दोन फोडी रस्त्याच्या कडेला उभ्यानं खाल्ल्या. हात धुतले तरी बाकीच्या बायका त्यांना शेजारी बसू देईनात, म्हणून बेंगळूरपर्यंतचा सगळा प्रवास त्यांनी ड्रायव्हरच्या मागच्या पेटीवर बसून केला.

घरी आल्या तेव्हा त्यांचे डोळे चमकत होते. चौदा वर्षांत मी तसे पाहिले नव्हते.

"कावेरी, आज मला एक वास भेटला," त्या म्हणाल्या. "ड्युरियन म्हणतात त्या फळाला. आधी गंधकासारखा अंगावर येतो. मग परतलेला कांदा. आणि त्याच्या पाठीमागून हळूच खवा. सतरा वर्षं मी पट्ट्या हुंगते आहे, पण हा कुणाच्या बाटलीत मावणारा नाही."

मग त्यांनी पिशवीतून ओल्या रुमालाची पुरचुंडी काढली. आत पाच बिया होत्या. या बिया वाळल्या की मेल्या, असं कल्लाप्पानं बजावलं होतं, म्हणून वाटेत प्रत्येक थांब्यावर त्यांनी रुमाल भिजवला होता. तो रुमाल स्वयंपाकघराच्या ओट्यावर उघडल्यावर जो वास सुटला, त्यानं मी जेवण अर्धवट टाकून उठले. या झाडाशी माझं वैर तिथून सुरू झालं.

पाच बिया दुधाच्या पावडरीच्या डब्यांत लावल्या. तीन उगवल्या. डिसेंबरच्या थंडीत दोन गेल्या. उरलेलं एक रोप वन्सांनी मागच्या अंगणात, न्हाणीघराच्या भिंतीला लागून लावलं. जागा विचार करून निवडली होती. त्या भिंतीपलीकडं आमचा पाणी तापवायचा हंडा होता. चुलीत पहाटे पाचपासून जाळ असायचा, त्यामुळं भिंत कायम कोमट. या झाडाला थंडी सोसत नाही. पुढची सहा-सात वर्षं दर थंडीत वन्सांनी त्याला गोणपाटाचा अंगरखा शिवला. शिवला म्हणजे, मीच शिवला. मशीन माझं होतं.

त्या मशीनचीही गोष्ट सांगायला हवी. मी घरात शिवणाचा क्लास चालवायचे. नऊ मुली, चार मशिनी, सगळा कारभार पुढच्या खोलीत. कुणी पाहुणा आला की कापडं गोळा करून पलंगाखाली सारायची. माझ्या मनात फार दिवस होतं, मागच्या अंगणात एक मोठी खोली बांधावी, खिडकीला उजेड, भिंतीला आरसा, वर पाटी. आमच्या रस्त्यावर तोवर जवळजवळ प्रत्येकानं मागं काही ना काही बांधलं होतं. आमच्या मागं मात्र ते झाड वाढत होतं. ९५ सालापर्यंत ते गच्चीच्या कठड्याच्या वर गेलं. पानं वरून गर्द हिरवी, खालून तांब्याच्या भांड्यासारखी. दिसायला देखणं, पण दहा वर्षांत एक फळ नाही.

शेजारी नरसिंगराव राहायचे, बागायत खात्यातून निवृत्त झालेले अधिकारी. आमच्या रस्त्याच्या रहिवासी संघाचे अध्यक्षही तेच. ते कुंपणावरून झाडाकडं बघायचे आणि मान हलवायचे.

"सत्यवतीबाई, ही समुद्रसपाटीची झाडं. दमट हवा, उकाडा पाहिजे. आपण तीन हजार फुटांवर आहोत. बेंगळुरात याला फळ धरणार नाही. पाहिजे तर लिहून देतो."

"नको, राव," वन्सं म्हणायच्या. "लिहून दिलं तर मग तुम्हाला ते परत घ्यायला लागेल."

त्याच वर्षी एप्रिलमध्ये झाडाला फुलं आली. फांद्यांना खालून लोंबणारे पांढरट झुबके. दुपारी चारनंतर उमलायचे, आणि सगळ्या अंगणात आंबट ताकासारखा वास. वन्सांनी त्या दिवशी कारखान्यातून रजा काढली. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी घेतलेल्या रजा मी हाताच्या बोटांवर मोजेन. पण सकाळी उठून बघतो तर अंगणभर पाकळ्यांचा सडा. पंधरा दिवसांत देठसुद्धा गळून गेले. ९६ साली पुन्हा तसंच.

तेव्हा मी माझ्या यजमानांना म्हटलं, "आता पुरे. तुम्ही अक्कांशी बोला."

गिरीधर, म्हणजे माझे यजमान, स्वभावानं मऊ. बहिणीपुढं तर लोणीच. पण त्या वर्षी वन्सं निवृत्त झाल्या होत्या, आणि मी रोज तोच विषय काढत होते. शेवटी एका रविवारी ते मागच्या पायरीवर बहिणीशेजारी जाऊन बसले. मी दाराआड उभी होते.

"अक्का, कावेरीला क्लाससाठी खोली हवी आहे. चूक काही नाही तिचं."

"चूक नाहीच," वन्सं म्हणाल्या.

"पुढच्या वर्षी दसऱ्याला पाया खणू म्हणतो. मेस्त्रीशी बोललोय. तोवर झाडाला आणखी एक मोसम मिळतो."

वन्सांनी मान वर करून झाडाकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "सरी, ठीक आहे. एक मोसम पुष्कळ झाला." आणि उठून आत गेल्या. मला वाटलं होतं भांडण होईल. झालं नाही, त्याचंच मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक पोस्टकार्ड लिहिलं. पत्ता: कल्लाप्पा, माळी, आणि त्या फळबागेचं नाव. अकरा वर्षांपूर्वी फाटकाशी भेटलेला माणूस. जिवंत आहे की नाही तेही ठाऊक नाही. मी मनात म्हटलं, कार्डाचे पैसे पाण्यात.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. कन्नडमध्ये, कुणा शाळकरी मुलीच्या हस्ताक्षरात. कल्लाप्पानं सांगितलेलं तिनं जसंच्या तसं उतरवलं होतं. 'अक्का, तुम्ही पळाला नाहीत म्हणून तुमची आठवण आहे. तुमचं झाड चांगलं आहे, पण एकटं आहे. हे झाड आपलाच पराग आपण घेत नाही. त्याला दुसऱ्या झाडाचा लागतो. आमच्याकडं वटवाघळं ते काम करतात. तुमच्याकडं तुम्हाला करावं लागेल. कळ्या लिंबाएवढ्या झाल्या की या.'

वन्सांनी ते पत्र मला वाचून दाखवलं. "दहा वर्षं मी त्याला ऊब दिली, पाणी दिलं, खत दिलं," त्या म्हणाल्या, "आणि त्याला हवी होती सोबत. माझ्या लक्षातच आलं नाही."

९७ च्या फेब्रुवारीत फांद्यांवर मोहरीएवढे ठिपके दिसले. वन्सं रोज सकाळी स्टुलावर चढून ते बघायच्या. पाडव्यापर्यंत लिंबाएवढ्या कळ्या झाल्या. पाडव्याची श्रीखंड-पुरी खाऊन तिसऱ्या दिवशी पहाटे त्या निघाल्या. वय एकोणसाठ. हातात एक स्टीलचा डबा, त्यात कारखान्यातून निवृत्तीच्या वेळी मागून आणलेल्या बुचाच्या तपकिरी कुप्या, आणि कापूस.

पुढचं त्यांनीच मला सांगितलं. सकाळी सहाची म्हैसूरवरून जाणारी बस, मग उटी, मग घाट उतरणारी दुसरी बस. साडेचारला त्या फाटकाशी उतरल्या. कल्लाप्पा म्हातारा झाला होता, पण फाटकाशीच होता. त्यानं विचारलं, "पाणी घेणार?" आणि पाणी दिल्यावर दुसरा काही प्रश्न न विचारता शिडी उचलली. बागेत दोन जुनी झाडं बहरली होती. फुलं उमलली तरी पराग सुटायला सात वाजतात, असं तो म्हणाला, म्हणून दोघं झाडाखाली बसून राहिली. त्यानं विचारलं, "बेंगळुरात थंडी असते ना, कसं जगवलंत?" वन्सांनी हंड्याच्या भिंतीचं सांगितलं. म्हातारा मांडीवर थाप मारून हसला.

सात वाजता तो स्वतः वर चढला. वन्सं खालून बॅटरी धरून. त्यानं फुलं खुडून धोतराच्या सोग्यात घेतली आणि खाली येऊन दोघांनी कोंबडीच्या पिसानं पिवळी भुकटी कुप्यांत झाडली. दोन झाडांच्या वेगवेगळ्या कुप्या. वरून कापूस, बूच, आणि डब्यात सोडावाल्याकडून घेतलेला बर्फ. तिथून घाट उतरून कोइम्बतूर, आणि कोइम्बतूरहून रात्रीची बस. डबा पूर्ण वेळ मांडीवर.

सकाळी सातला त्या दारात उभ्या राहिल्या तेव्हा मी ओळखलंच नाही म्हणा ना. केस विस्कटलेले, साडीला शेवाळाचे डाग. चप्पल न काढता त्या थेट माझ्या फ्रिजपाशी गेल्या.

"अय्यो, वन्सं! त्यात दही आहे, देवाचं लोणी आहे!"

"दह्याला सांग, संध्याकाळपर्यंत स्वल्प सोस," त्या म्हणाल्या आणि डबा मधल्या फळीवर ठेवून झोपायला गेल्या.

त्या संध्याकाळी हे ऑफिसातून यायला उशीर होणार होता. साडेसहाला मी मागं पाणी टाकायला गेले, तर वन्सांनी रंगाऱ्याची बांबूची शिडी झाडाला लावली होती आणि त्या तिसऱ्या पायरीवर होत्या. एका हातात कुपी, दातांत रंगाचा बारीक कुंचला.

"पडाल!" मी ओरडले.

दातांतला कुंचला काढून त्या म्हणाल्या, "मग धर ना."

मी धरली. बादली तिथंच टाकून. आणि खालून वर बघत राहिले. फुलाच्या मधोमध एक लांब दांडी, तिच्या टोकाला गोल मणी. त्या मण्याला कुंचला टेकवायचा, बस एवढंच. पण फुलं उलटी टांगलेली, वारा सुटलेला, आणि वन्सांच्या अंगात अजून सव्वीस तासांचा प्रवास होता. तीन फुलांत दोनदा कुंचला चुकला. पिवळी भुकटी माझ्या कपाळावर पडली.

त्या खाली उतरल्या. कुंचला माझ्यापुढं धरला.

"तुझा हात सुईचा आहे, कावेरी. तू कर."

मी त्या झाडाला दहा वर्षं शिव्या दिल्या होत्या. दसऱ्याला ते पडावं म्हणून मेस्त्रीचा नंबर मीच शोधून दिला होता. हे सगळं त्यांना माहीत होतं. मी कुंचला घेतला. पदर खोचला आणि चढले. त्या संध्याकाळी चौतीस फुलं आणि दुसऱ्या संध्याकाळी एकोणतीस, आम्ही दोघींनी केली. त्या खालून कुपी बदलून द्यायच्या, कुठल्या झुबक्याला कुठली ते सांगायच्या, आणि मी ताकाच्या त्या आंबट वासात मान वर करून एकेक मणी रंगवायचे. मान दुखली म्हणून मी थांबले, तेव्हा लक्षात आलं की अंधार पडला होता आणि मुलींच्या क्लासची वेळ टळून गेली होती.

पंधरा दिवसांनी पाकळ्या गळल्या, पण देठ राहिले. देठांच्या टोकाला बोराएवढी काटेरी बोंडं. मी मोजली तेव्हा एकोणीस. वन्सं म्हणाल्या, सगळी राहणार नाहीत. मे महिन्यात आठ उरली. जुलैच्या वाऱ्यानं आणखी गेली. चार राहिली, पण ती चार अशी भरत गेली की फांदी वाकली. न्हाणीघराच्या पत्र्यावर आदळू नयेत म्हणून मी जुन्या साडीच्या झोळ्या शिवल्या आणि प्रत्येक फळाखाली एकेक टांगली. क्लासच्या मुली म्हणायच्या, "मॅडम, पाळणा कुणाचा?"

नरसिंगराव आता रोज सकाळी कुंपणाशी यायचे. आधी आठवडाभर लांबूनच फळं न्याहाळली. मग एक दिवस टेप घेऊन आले.

"मापू का?" त्यांनी विचारलं.

"मापा की," वन्सं म्हणाल्या. त्यांनी शिडीवर चढून चारही फळं मापली, वहीत उतरवली, चष्मा पुसला, पुन्हा एकदा मापली, आणि मगच खाली उतरले.

त्या वर्षी वरमहालक्ष्मीचा शुक्रवार नेमका पंधरा ऑगस्टला आला होता. सकाळी रस्त्याच्या कोपऱ्यावर नरसिंगरावांनी झेंडा फडकवला, पोरांना पेढे वाटले. संध्याकाळी माझ्याकडं हळदीकुंकू. कलशाला मुखवटा लावलेला, वीसेक बायका पुढच्या खोलीत जमलेल्या, मशिनी पलंगाखाली नाही तर शेजारी पाठवलेल्या. सगळं शोभून दिसत होतं. मी ओट्या भरत होते.

आणि तो आला. आधी नुसता गंधक. बायका एकमेकींकडं बघू लागल्या. मग एकजण हळूच म्हणाली, "ग्यास असेल का?" दुसरी उठून खिडकीपाशी गेली. तिसरीनं नाकाला पदर लावला आणि म्हणाली, "गटार तुंबलंय वाटतं मागं." समोरच्या घरातून कुणीतरी ओरडलं, सिलिंडर बंद करा. कुणाच्या तरी यजमानांनी खरंच आमच्या स्वयंपाकघरात धाव घेऊन रेग्युलेटर काढला. हे पंचा गुंडाळून धावत आले. पाचच मिनिटांत निम्म्या बायका ओट्या हातात घेऊन रस्त्यावर उभ्या, आणि रस्त्यावरची निम्मी माणसं आमच्या फाटकात.

मला बारा वर्षांपूर्वीचा ओट्यावरचा रुमाल आठवला. मी मागच्या दारात गेले. वन्सं झाडाखाली उभ्या होत्या. एक झोळी खाली लोंबत होती, आत फळ. देठापासून आपणहून सुटलेलं, काट्यांमधली एक शीर उकललेली. त्या वळल्या आणि माझ्याकडं बघितलं. चेहरा उतरलेला.

"तुझं हळदीकुंकू," त्या म्हणाल्या. "कावेरी, मला आज पडेल असं वाटलं नव्हतं. दार लावून घे. मी हे पोत्यात गुंडाळून उद्या…"

"उद्या कशाला?" मी म्हटलं.

मी ते झोळीसकट उचललं. काटे पदरातून टोचत होते. तसंच घरातून, कलशासमोरून, पुढच्या फाटकाशी आणलं आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगितलं, "ग्यास नाही, गटार नाही. आमच्या वन्सांच्या झाडाचं फळ पिकलंय. पहिलंच. बारा वर्षांनी. ज्यांना वास सोसवत नाही त्यांनी जावं, राग नाही. बाकीच्यांनी आत या."

कुणी आलं नाही आधी. मग फाटक सरकवून नरसिंगराव आले, सकाळचाच पांढरा झब्बा, खिशाला तिरंग्याचा बिल्ला. ते पायरीवर उभे राहिले आणि वळून लोकांना म्हणाले, "मी एकतीस वर्षं खात्यात काढली. या बाईंना मी सांगत होतो की बेंगळुरात हे फळ धरणार नाही. मी चुकलो. एवढ्या उंचीवर हे फळ धरलेलं मी कधी पाहिलं नाही, कुणी पाहिल्याचं ऐकलं नाही." मग आत वळून म्हणाले, "सत्यवतीबाई, पहिली फोड मला द्याल का?"

"पहिली नाही, राव," वन्सं म्हणाल्या. "पहिली कावेरीची."

अंगणात सतरंजी टाकली. वन्सांनी उकललेल्या शिरेत सुरीचं टोक घालून फळ दोन्ही हातांनी फाकलं. आत कप्पे, आणि प्रत्येक कप्प्यात लोण्याच्या गोळ्यासारखा पिवळा गर. त्यांनी मला दिलेला गर मी नाक धरून तोंडात टाकला.

"नाक सोड," त्या म्हणाल्या. "नाक धरून काही कळत नाही."

सोडलं. आधी वाटलं, ओकारी येईल. मग ते जिभेवर पसरलं. आटवलेल्या बासुंदीसारखं दाट, त्यात कुठंतरी कांदा, बदाम, आणि अगदी शेवटी किंचित कडू. मी दुसरा गर मागितला. यजमानांनी मागितला. नरसिंगराव डोळे मिटून खात होते आणि मधूनमधून मान डोलवत होते, पण ही मान वेगळी होती. मग एकेक करून लोक आत आले. आधी पोरं, मग बायका. कुणी थुंकलं, कुणी पळालं, कुणी तिसऱ्यांदा रांगेत आलं. गटार म्हणणाऱ्या बाईंनी आपल्या सासूबाईंसाठी गर पानात बांधून मागितला. दोन किलोचं फळ, एका तासात नुसत्या काटेरी सालींचा ढीग उरला.

वन्सं पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी सगळ्यांत शेवटी खाल्लं. बोटांना लागलेला गर चाटून त्यांनी ती बोटं नाकापाशी नेली, पट्टी धरायच्या तशी, आणि किती तरी वेळ तशाच बसून राहिल्या. मी जवळ गेले तर गाल ओले होते आणि त्या हसत होत्या.

दसऱ्याच्या आधी मेस्त्री आला. यजमानांनी माझ्याकडं बघितलं. मी त्याला गच्चीवर घेऊन गेले. माझा क्लास आता तिथं आहे, वर पत्रा, तीन बाजूंनी जाळी, भरपूर उजेड. झाडाचा शेंडा कठड्याच्या वर येतो, त्यामुळं दुपारी सावलीही असते. पाटी लावली तेव्हा मुलींनी खाली बारीक अक्षरांत स्वतःच लिहिलं, 'वास सहन करावा.'

चार फळांच्या बिया ओल्या फडक्यांत ठेवून आम्ही एकवीस रोपं केली. बातमी पसरली. कुणी के. आर. पुरमहून तेलाचा रिकामा डबा घेऊन आलं, कुणी थेट बोम्मसंद्र्याहून, वन्सांच्या जुन्या कारखान्यातलं. वन्सं प्रत्येकाला आधी दोन प्रश्न विचारायच्या. घरात कोमट भिंत आहे का, आणि शेजारी कोण राहतं. उत्तर पटलं तरच रोप द्यायच्या, आणि एक नाही, दोन. "जोडीनं लावा," सांगायच्या. "माझ्यासारखी दहा वर्षं वाया घालवू नका."

आमच्या झाडाला जोडी लावायला मात्र जागा नव्हती. म्हणून ९८ च्या एप्रिलमध्ये पुन्हा घाटात जावं लागलं, आणि त्या वेळी मीही गेले. कल्लाप्पासाठी वन्सांनी मागच्या वर्षीचा एक फोटो नेला होता, झोळ्यांत झुलणारी चार फळं. त्यानं तो डोळ्यांजवळ धरून बघितला, खिशात ठेवला. मग माझ्याकडं बोट करून विचारलं, "या कोण?"

"ही माझी भावजय," वन्सं म्हणाल्या. "बेंगळुरातलं वटवाघूळ."

म्हातारा इतका हसला की त्याला शिडीचा आधार घ्यावा लागला. त्याचे गुडघे गेले होते, चढवत नव्हतं. मी चपला काढल्या, पदर खोचला, कुप्यांचा डबा वन्सांच्या हातात दिला आणि वर चढले.